तेलापुरती जागा

मागच्या खेपेला व्हिडिओवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू खरंच शर्यतीच्या गाडीचं इंजिन बांधलंस?" तुमच्या बाबाने काहीतरी वाढवून सांगितलेलं दिसतं. मी इंजिन बांधलं नाही. मी वही लिहिली, आणि एक चूक केली. तुमचा बाबा कुठलीही गोष्ट शेवटापासून सुरू करतो, म्हणून मी क्रमाने सांगते.

आधी माणसं. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, यांची डिचोलीत रस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा त्या शेडसमोर टिप्परांची रांग लागायची. टिप्परचं इंजिन उघडायचं, खनिजाची लाल धूळ धुवायची, झिजलेलं बदलायचं आणि परत बसवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, पण रांग काही परत आली नाही. त्यांची मुलगी ती तुमची धाकटी आत्या. ती वेर्ण्याला एका कारखान्यात इंजिनिअर होती. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, मी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणार.

"गोंयात शर्यतीच्यो गाडयो कितल्यो आसत गो?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"आमची धरून?"

"आमची धरून."

"मग एक," ती म्हणाली.

ती एक म्हणजे तिने स्वतःसाठी घेतलेली जुनी छोटी गाडी. दिवाळीच्या आधीच्या आयतवारी, म्हणजे रविवारी, पेडण्याच्या कातळाच्या सड्यावर मातीच्या वाटेवरची वेळेची शर्यत होती. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. तिथे ही गाडी चालवायची आणि लोकांना दाखवायचं की असं इंजिन डिचोलीत बांधून मिळतं, असा तिचा बेत होता.

भावोजींचा बेत वेगळा होता. मोरजीचा एक माणूस पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. त्याला स्कूटर ठेवायला आणि दुरुस्त करायला आमची शेड हवी होती. तो दर आठवड्याला फोन करायचा. शेवटी भावोजींनी माझ्यासमोरच मुलीला सांगितलं, "हें इंजीन शर्यतीत शेवटापर्यंत टिकलां, तर शेड तुझी. मी कांय म्हणूचंय नाय. पण फुटलां, तर सोमारा ती मोरजीकाराक दितलंय आणि तू वेर्ण्याक परत वच."

"जिंकूक जाय?"

"जिंकूक नाका. इंजीन घरा जितां येवंदी."

ती हो म्हणाली. ती असं पटकन हो म्हणते तेव्हा ती घाबरलेली असते, हे मला ती तीन वर्षांची होती तेव्हापासून माहीत आहे.

यात माझं काम काय, तर मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि प्रयोगवह्या तपासल्या. आत्याला मापं लिहून घ्यायला कोणीतरी हवं होतं, कारण मोजणाऱ्याचे हात तेलकट असतात. मी नवी वही घेतली, समास आखला, रकाने पाडले आणि रोज सकाळी दहाला शेडमध्ये जाऊ लागले. भावोजींनी माझ्यासाठी जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, एक जुनं मेज पुसून ठेवलं. वर वर्तमानपत्र घातलं. ते वर्तमानपत्र मी बदललं, कारण त्यावर आधीच ग्रीस होतं.

आता थोडं इंजिनाबद्दल. कंटाळू नका, एवढंच आहे.

इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा एक जाड, वाकडातिकडा पोलादी दांडा फिरत असतो. पिस्टन वर-खाली होतात, त्याचं गोल फिरणं करण्याचं काम त्याचं. तो पाच ठिकाणी इंजिनाच्या अंगावर टेकलेला असतो. टेकलेला म्हटलं, पण खरं तर तो टेकत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याच्याभोवती दोन अर्धगोल वाट्या असतात. त्या वाट्या म्हणजे बेअरिंग. वाटी आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि दांडा त्या थरावर तरंगतो. थर तुटला की धातू धातूला लागतो, आणि मग इंजिन संपलंच.

या थरासाठी किती जागा ठेवायची, हा इंजिन बांधणाऱ्यापुढचा मोठा प्रश्न. आमच्या क्रँकची जाडी त्या पाच जागी पन्नास मिलिमीटरच्या किंचित आत होती. ढोबळ नियम असा की जाडीच्या हजाराव्या भागाइतकी फट ठेवायची. म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पाच. तुमच्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो. फट जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं आणि प्रेशर पडतं. कमी झाली तर आत पुरेसं तेल जात नाही, जे जातं ते तापतं. बाजारहाटाच्या गाडीला थोडी घट्ट फट चालून जाते. शर्यतीत इंजिन जोरात फिरतं, दांडा तापतो, किंचित वाकतोसुद्धा. त्याला हलायला जागा लागते.

आणि हे मोजायचं कसं? दांड्याची जाडी एका मायक्रोमीटरने, वाट्या बसवल्यावरचं भोक आत ताणून बसवायच्या गजाने, आणि तो गज दुसऱ्या मायक्रोमीटरने. दोन लागतात, कारण लहान मायक्रोमीटर पन्नासपर्यंतच मोजतो आणि मोठा पन्नासपासून पुढे. प्रत्येकाच्या पेटीत एक गुळगुळीत पोलादी कांडी असते, लहानाची बरोबर पंचवीस मिलिमीटरची, मोठ्याची पन्नासची. आधी कांडी धरून बघायची. आकडा बरोबर आला नाही तर छोट्या चावीने तो जुळवून घ्यायचा, आणि मगच काम सुरू करायचं. दुकानदार वजन करण्याआधी रिकामा काटा बघतो, तसंच.

नवरात्रात आमचं काम छान चाललं होतं. क्रँक म्हापशाच्या एका कारागिराकडून घासून आला होता आणि त्याच्यासोबत त्याच्या हातची चिठ्ठी होती. पाचही जागी एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याण्णव. चिठ्ठी मी वहीत डकवली. मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शेडमधल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. ही पूजा दरवर्षी माझी जाऊ करते, पण यंदा ती माहेरी सर्वणला होती. तिच्या आईला पडून दुखापत झाली होती. म्हणून पूजा माझ्याकडे आली.

मी कुठलंही काम अर्धवट करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जाऊ काय करते, तर पान्यांच्या ढिगावर हळद-कुंकू टाकते, रोजांची, म्हणजे झेंडूची, माळ घालते आणि जॅकला नमस्कार करून मोकळी होते. मी प्रत्येक पाना वेगळा ठेवला, लहानापासून मोठ्यापर्यंत. सहाणेवर गंध उगाळलं. प्रत्येक अवजाराला गंधाचा एक टिळा, एक फूल. लहान मायक्रोमीटरची पेटी उघडून ठेवली आणि त्यातली ती कांडी उभी केली. इतकी देखणी दिसत होती ती, छोट्या समईसारखी. तिच्या डोक्यावर मी अनामिकेने गंध लावलं. मोठ्या मायक्रोमीटरची पेटी फळीवर मागे होती, ती उघडली नाही. तिच्यावर बाहेरूनच फूल ठेवलं.

"वहिनी, असली पूजा ह्या शेडीन कधी बघूक नाय," भावोजी म्हणाले. मला बरं वाटलं. मग ते मुलीकडे वळले. "आणि गंध कोणी पुसू नकात. आपोआप सुकून वता."

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी आत्याने क्रँक मोजला. ती आकडा म्हणायची, मी लिहायची. पहिली जागा, एकोणपन्नास पूर्णांक पंच्याण्णव. दुसरी, पंच्याण्णव. तिसरी, पंच्याण्णव. पाचही तशाच.

"चिठ्ठीत अठ्ठ्याण्णव आहे," मी म्हटलं.

"चिठ्ठीत काय लिहितात ते," ती म्हणाली आणि तिने म्हापशाला फोन लावला. तिकडचा कारागीर मोठ्याने बोलणारा होता, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"बाय, मी अठ्ठ्याण्णव दिलां."

"माझा मीटर पंच्याण्णव दाखवता."

"मग तुझो मीटर दवर आणि माझ्याकडे ये. हांव च्या दितां तुका."

तिने फोन ठेवला. तिच्या हिशेबाने फट आठ शतांश होत होती. पाचच्या जागी आठ म्हणजे फारच ढिली. तिने मग जाड वाट्यांचा नवा संच मागवला. तो बसवला आणि फट साडेपाचवर आली. वहीत मी त्या ओळीखाली रेघ मारली. आधीच्या वाट्या त्यांच्या डब्यात भरून वर चिकटपट्टीवर लिहिलं, "पहिला संच, न वापरलेला". मी असं लिहून ठेवते म्हणून माझी चेष्टा होते. होऊ दे.

भावोजींना तो आकडा पसंत नव्हता. त्यांच्याकडे मेणासारख्या हिरव्या प्लास्टिक दोऱ्याची पाकिटं आहेत. दोऱ्याचा तुकडा वाटी आणि दांडा यांच्यामध्ये ठेवायचा, बोल्ट आवळायचे, परत उघडायचं. दोरा चेपून जितका रुंद झाला तितकी फट कमी. पाकिटावर पट्टी छापलेली असते, तिच्याशी ताडून बघायचं.

"एकदां दोरो घालून बघ," ते म्हणाले.

"बाबा, हें मायक्रोमीटर शतांश दाखवता. दोरो कितें दाखवतलो?"

"दोरो फट दाखवता."

मी आत्याची बाजू घेतली. मायक्रोमीटर हे दोऱ्यापेक्षा अचूक साधन आहे, असं मी चांगलं दोन मिनिटं समजावून सांगितलं. भावोजींनी ऐकून घेतलं. माझ्याशी ते वाद घालत नाहीत.

इंजिन जुळून झाल्यावर त्यांनी पुढचा मोठा नट पान्यात धरून क्रँक हाताने फिरवून पाहिला. एकदा फिरवला, थांबले, परत फिरवला.

"घट्ट आसा."

"नवीन आसा म्हणून," आत्या म्हणाली.

"नवीन कशें फिरता तें माका खबर आसा गो."

"मग आकडो चुकीचो?"

"आकडो तुझो. हात माझो," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

पण दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. आत्याने गाडीत तेलाच्या प्रेशरचा एक वेगळा मोठा काटा बसवला होता. शेडमध्ये प्रेशर किलोत मोजतात. इंजिन पंधरा मिनिटं चालून तापलं, तिने पाय काढला, आणि मंद चालीवरसुद्धा काटा तीन किलोवर उभा. भावोजी वाकून बघत राहिले. त्यांच्या टिप्परांनी तापल्यावर कधी तीन किलो दाखवले नव्हते. हाताला काय वाटलं होतं ते काट्यापुढे ते विसरले. पाववाल्या पोदेराकडून गरम उंडे आणवले, भाजी आणवली, आणि मेजावर माझी वही बाजूला सारून आम्ही खाल्लं. शर्यतीला सहा दिवस होते.

मंगळवारी दुपारी मी घरी वहीची स्वच्छ प्रत काढायला बसले. कच्च्या वहीवर बोटांचे डाग पडले होते, आणि आत्याला हे आकडे पुढे गिऱ्हाइकांना दाखवायचे होते. पाच ओळी लिहिल्या. डावीकडे म्हापशाच्या चिठ्ठीतले आकडे, उजवीकडे आमचे. अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव. चौथ्या ओळीला माझं पेन थांबलं.

मुलांना मी दरवर्षी जूनमध्ये एकच गोष्ट शिकवायची. मोजणाऱ्याचा हात चुकतो तेव्हा आकडे इकडेतिकडे उड्या मारतात. कधी दोन जास्त, कधी एक कमी. पण सगळेच आकडे एकाच बाजूला, एकाच मापाने सरकले असतील, तर कारागिराकडे बघू नका, साधनाकडे बघा. त्याचं शून्य हललेलं आहे. पाच जागा घासताना माणूस पाचही वेळा नेमका तीनच शतांश चुकत नाही. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं, आणि शेडमध्ये खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताने पाच वेळा पंच्याण्णव लिहिलं.

मी चपला घालून शेडवर गेले. आत्या पेट्रोल आणायला गेली होती, भावोजी मागे अंघोळीला. मी लहान मायक्रोमीटरची पेटी उघडली, कांडी उजेडाला धरली आणि चष्म्यावरून पाहिलं. कांडीच्या डोक्यावर पिवळसर पातळ डाग होता, आणि त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. माझ्या अनामिकेच्या.

समजलं ना? गंधाचा तो थर तीन शतांशाचा होता. आत्याने कांडी धरली, मीटर पंचवीसच्या जरा पुढे दाखवू लागला, तिने चावीने तो पंचवीसवर आणला. त्यानंतर तो प्रत्येक दांडा तीन शतांश बारीक दाखवत राहिला. खरी फट आधीच्या वाट्यांबरोबर पाच होती, अगदी हवी तेवढी. आम्ही ती ढिली समजून जाड वाट्या घातल्या, आणि आता आत उरले होते अडीच. मोठ्या मायक्रोमीटरच्या कांडीला मी गंध लावलंच नव्हतं, म्हणून भोकांची मापं खरी होती. दोन्हींना लावलं असतं तर दोन्ही सारखेच चुकले असते आणि काही बिघडलं नसतं. या बाबतीत माझी जाऊ बरी. ती पेटीच उघडत नाही.

आता जे सांगते ते तुमच्या बाबाला माहीत नाही. माझ्या कमरेला रुमाल होता. तो मी काढला आणि कांडीच्या डोक्यावर ठेवला. दोन सेकंदांचं काम होतं. डाग पुसायचा आणि आत्या आल्यावर म्हणायचं, "मला आकड्यांबद्दल शंका वाटते, परत मोजूया." चूक सापडली असती, इंजिन वाचलं असतं, आणि कारण कोणालाच कळलं नसतं. मी रुमाल धरून उभी राहिले. मग मनात आलं, की आत्या आयुष्यभर समजेल की चूक तिच्या हातून झाली, आणि उद्या स्वतःच्या प्रत्येक मापावर शंका घेईल. ज्याला फटी मोजून जगायचं आहे त्याला ही शंका परवडत नाही. मी रुमाल परत खोचला.

ती आली. मी तिला कांडी दाखवली आणि वही दाखवली. काय झालं ते सांगितलं. ती कांडीकडे बघत राहिली.

"काकी," ती म्हणाली, "परीक्षेत ह्या चुकीक कितले मार्क कापतालात?"

"दोन. पण मी शेवटपर्यंत चुकले असते तर सगळेच."

मग ती स्टुलावर बसली. "माका दिसलेलां तें."

"काय दिसलेलं?"

"गंध. मोजताना दिसलेलां. कांडी पुसूक जाय, तो नेम आसा. पण पूजेचां म्हणून हात फिरलो नाय. फुंकर घातली आणि म्हटलां, इतक्यान कितें जाता."

भावोजी टॉवेल घेऊन दारात उभे होते. किती वेळ ते कळलं नाही. पुसू नका हे त्यांनीच सांगितलेलं होतं, ते त्यांना आठवत असणार, कारण त्यांनी कोरडे झालेले हात टॉवेलने परत पुसले. मग म्हणाले, "म्हणजे घट्ट आसा."

"आसा," आत्या म्हणाली.

"हातान सांगिल्लें."

"सांगिल्लें, बाबा."

"वहिनीनयं मायक्रोमीटराचेर भाषण केल्लें."

"केलं," मी म्हटलं.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी शर्ट चढवला. हातात चार दिवस होते. इंजिन परत खाली उतरवलं, उलटं केलं, तळ उघडला. या वेळी आत्याने स्वतःहून हिरवा दोरा मागितला. भावोजींनी पाकीट असं काही आणून दिलं, जणू बँकेच्या लॉकरमधून काढलं आहे. दोरा चेपून पट्टीवरच्या शेवटच्या खुणेइतका रुंद झाला होता. अडीच शतांश. पुसलेल्या कांडीवर जुळवलेल्या मीटरनेही अडीचच सांगितले. काढलेल्या वाट्यांपैकी दोनांवर चकाकणारा पट्टा उमटला होता. पंधरा मिनिटांत तेवढा. सड्यावर पूर्ण जोराने फिरलं असतं तर तिथेच संपलं असतं. पहिला संच फळीवर सापडला, कारण त्यावर लिहिलेलं होतं. आत्याने म्हापशाला फोन करून माफी मागितली. तिकडून त्या कारागिराने फक्त विचारलं, "च्या पिवूक कधी येतय?"

शुक्रवारी इंजिन परत सुरू झालं, आणि आता नवीन पंचाईत. तापल्यावर मंद चालीवर काटा तीनऐवजी दीड किलोवर आला.

"काटो देंवलो," भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "दाट तेल घालूंया? टिप्पराचां आसा."

या प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत होतं. मी म्हटलं, "भावोजी, कुळागरात नळीने पाणी घालता ना? नळीच्या तोंडावर अंगठा दाबला तर काय होतं?"

"जोरान उडता."

"आणि माडाच्या मुळाशी पाणी जास्त पडतं का?"

त्यांनी विचार केला. "कमी पडता."

"तसंच. तीन किलो होते तेव्हा अंगठा दाबलेला होता. पंप ढकलत होता, पण तेल जायला वाट नव्हती, म्हणून काटा वर. आता तेल जातंय. जोरात फिरवलं की बघा, काटा हवा तेवढा चढेल."

आत्याने फिरवलं. काटा साडेचारवर गेला आणि तिथे थांबला. भावोजींनी दाट तेलाचा डबा परत ठेवला, पण दाराजवळ, हाताशी राहील असा.

आयतवारी आम्ही पेडण्याला गेलो. सड्यावर सावली म्हणून नाही. मी टोपी घालून वही घेऊन बसले. तीन फेऱ्या होत्या. आत्याची गाडी लाल धुळीत शिरायची आणि दिसेनाशी व्हायची, मग फक्त आवाज. भावोजी त्या आवाजाकडे कान लावून उभे. बाजूची माणसं घड्याळं बघत होती, ओरडत होती. ते जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या फेरीत वळणावर आवाज क्षणभर तुटला आणि त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आत्याने गिअर बदलला होता, एवढंच.

तिसरी फेरी संपवून ती आली. तिचा नंबर पाचवा लागला होता. ती तेच सांगायला तोंड उघडत होती, तोवर भावोजींनी खिडकीतून अर्धं अंग आत घालून काटा बघितला.

"दीड," ते म्हणाले. "बंद कर आतां."

"बाबा, पाचवी आयलंय."

"बरें. बंद कर."

घरी येताना गाडी स्वतःच्या चाकांवर आली. आत्याला वाटलं, झालं. पण भावोजी म्हणाले, काटा खोटं बोलतो हे आपण बघितलंय, फिल्टर खोटं बोलत नाही. सोमवारी सकाळी त्यांनी तेलाचा फिल्टर काढला, पत्रा कापला आणि आतला घड्यांचा कागद एका पांढऱ्या ताटात उन्हात पसरला. बेअरिंग झिजत असेल तर त्या घड्यांमध्ये चमक सापडते. त्यांनी प्रत्येक घडी बोटाने उघडून बघितली. मग ताट मुलीकडे दिलं. तिने बघितलं. मग माझ्याकडे. मी चष्मा पुसून शेवटच्या घडीपर्यंत बघितलं. काळं तेल होतं, बाकी काही नाही.

ताट माझ्या हातात असतानाच मोरजीच्या माणसाचा फोन आला. भावोजींनी तो तिथेच उभ्याने घेतला.

"नाय... नाय, दिवची नाय... भाड्याचो प्रस्न नाय रे. शेड कामात आसा." पलीकडचा बराच वेळ बोलत होता. "तुझ्या स्कूटरांक कांय जालां तर घेवन ये, माझी चली बघतली. पण जाग्यार ठेवून घेवची नाय." फोन खिशात टाकला आणि ते घरी जेवायला निघून गेले. 

मंगळवारी मी दहाला गेले तेव्हा आत्या सकाळी सातपासून तिथे होती. तिने समोरची सगळी भिंत रिकामी करून पांढरी रंगवली होती आणि पान्यांसाठी मोठा लाकडी फळा ठोकला होता. भावोजी माझ्या मागोमाग आले. रोजच्यासारखे आत गेले, अंगातला शर्ट काढला, आणि हात उंच करून भिंतीपाशी थांबले. चाळीस वर्षं ज्या खिळ्याला शर्ट टांगायचे तो खिळा उपटून वर रंग मारलेला होता.

शर्ट हातात घेऊन त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"गो," त्यांनी विचारलं, "हांवें हो खंय घालचो?"

आत्या शिडीवर होती. तिने वरूनच सांगितलं, "बाबा, थांबा जरा. तुमका जागो करतंय."

आणि ते थांबले, शर्ट हातात घेऊन, दारापाशी. गिऱ्हाइक थांबतं तिथे.